दोन कॅपा की सहा व्हेनियर? आधी खाली किती दात उरलाय ते बघ

पत्र आलंय तासगाव तालुक्यातून. वय २७, नोकरी करते, मार्चच्या शेवटी साखरपुडा आणि मे महिन्यात लग्न. नाव-गाव काढून मजकूर थोडक्यात देतो. अकरा वर्षांची असताना हापशाचा दांडा तोंडावर बसला, वरचा समोरचा उजवा दात कोपऱ्यात तुटला आणि शेजारचा डावा टोकाला जरासा उडाला. उजवा दात पुढं हळूहळू करडा पडत गेला, तीन वर्षांपूर्वी हिरडीवर पुळी आली म्हणून त्याचं रूट कॅनाल झालं, कोपरा सिमेंटनं भरला, पण रंग तसाच राहिला. सांगलीतले डॉक्टर म्हणतात समोरच्या दोन्ही दातांना झिर्कोनियाच्या, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅपा घालू, १६ हजार. मावसबहिणीनं पुण्यात दाखवायला नेलं, तिथं सहा व्हेनियरचं, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यांचं, स्माईल डिझाईन सांगितलं, ७८ हजार. मावसबहीण म्हणते कॅप म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, व्हेनियर घे, हिरोइनी तेच करतात. आई म्हणते चांगल्या दाताला हात लावू नका. वडील म्हणतात बेदाणा विकला की पैसे देतो, काय ते तू ठरव. होणारी नणंद फोटो बघून म्हणाली, एक दात काळा दिसतोय का गं. तर प्रश्न असा की कॅप चांगली की व्हेनियर, आणि हे सगळं सासरी आधी सांगायचं का.

पोरी, मी वयानं तुझ्या वडिलांएवढा असेन म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नको. आणि दर वेळचं एकदा सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. सांगलीत मारुती रोडच्या मागच्या बोळात माझी डेंटल लॅब आहे, डॉक्टर तोंडातलं माप घेऊन पाठवतात आणि आम्ही कॅपा, ब्रिज, कवळ्या, व्हेनियर करून परत देतो, चोवीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळं पेशंटचं तोंड मला क्वचित दिसतं, पण पेशंटला जे जन्मात दिसत नाही ते मला रोज दिसतं, म्हणजे कॅपच्या आत शिल्लक राहिलेला दात.

तुझं पत्र वाचलं तेव्हा टेबलावर असंच एक मॉडेल पडलेलं होतं. पिवळसर प्लास्टर, वरचा जबडा, आणि मधोमध समोरचे चार दात कॅपसाठी घासलेले. घासलेले म्हणजे ब्रशनं नव्हे, मशीननं तासून लहान केलेले. असा दात पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतोच, आमच्याकडं नवीन पोरगा कामाला लागला की विचारतो, साहेब हे लहान मुलाचे दात आहेत का. शेंगदाण्याचा दाणा उभा करून ठेवावा तसं दिसतं. मी करवतीनं एक एक दात मॉडेलपासून सुटा करतो, त्याला आम्ही डाय म्हणतो, आणि तो दोन बोटांत धरून भिंगाखाली फिरवला की कळतं, ह्याचा मूळचा दात केवढा होता आणि आता कॅप कशावर उभी राहणार आहे. २०१९ च्या पुरात माझी जुनी सगळी मॉडेलं चिखलात गेली, नाहीतर सोबत एक फोटोच टाकला असता, पुढचं एवढं लिहायची गरज पडली नसती.

बरं, आकडे सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. वरचा समोरचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद असतो. कॅप ही टोपीसारखी पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि टोकावरून बसते, म्हणजे तेवढी जागा सगळीकडून करावी लागते, बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर, टोकाला दोनच्या आसपास, मटेरियल कुठलं आहे त्यावर थोडं कमी-जास्त. दोन्ही बाजूंची वजाबाकी केलीस की साडेआठचा दात साडेपाच-साडेसहावर येतो. व्हेनियर म्हणजे फक्त पुढच्या बाजूला चिकटवायची चकती, पापुद्रा म्हण, त्यासाठी पुढून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नखाच्या जाडीएवढं खरवडतात, मागची बाजू जवळपास जशीच्या तशी राहते. आणि जे गेलं ते गेलं, वरचं कडक एनॅमल परत येत नाही, मोडलेल्या हाडासारखं ते सांधत नाही. त्यामुळं तुझी आई जे म्हणतीय ते अडाणीपणाचं नाही, अर्धं तरी शंभर टक्के बरोबर आहे.

आता तुझा प्रश्न कॅप चांगली की व्हेनियर असा आहे, आणि माझं म्हणणं इथंच अडतं. तू दोन्हीकडं दुकानातल्या दोन साड्यांसारखं बघतीयस, एक साधी स्वस्तातली आणि एक भारीतली, आणि लग्न आहे तर भारीतली घ्यावी का असा विचार आहे. तसं नसतं बघ. कॅप आहे मोडक्या दातासाठी, ज्याचं बरंच काही गेलंय आणि जे राहिलंय त्याला चहूबाजूंनी आवळून धरायचंय, सायकलच्या चाकाला रिम असते तशी. व्हेनियर आहे धडधाकट दातासाठी, ज्याचं पुढचं रूप फक्त बिघडलंय. म्हणजे दातावर काय चढवायचं हे दात ठरवतो, आपलं बजेट किंवा मावसबहीण नाही. आणि तुझे दोन्ही दात एकसारखे नाहीतच, एक रूट कॅनाल झालेला करडा आहे आणि दुसरा जिवंत, फक्त टोकाला जरासा उडालेला. मग दोघांना एकच औषध कसं लागू पडेल. एका डॉक्टरनं दोघांना कॅप सांगितली, दुसऱ्यानं त्या दोघांसकट आणखी चार निरोगी दातांना व्हेनियर सांगितलं, आणि प्रत्येक दाताचा वेगळा विचार कुणी केला, किंवा केला असेल तर तुला सांगितला, असं पत्रावरून तरी दिसत नाही.

दोन्ही दातांना कॅप का सांगतात त्याचं धंद्यातलं गुपित सांगतो, डॉक्टर लोक रागवले तर रागवू देत. समोरचा एकच दात शेजाऱ्याशी तंतोतंत जुळवणं हे लॅबमधलं सगळ्यात अवघड काम. खऱ्या दातात एकच रंग नसतो, हिरडीजवळ जरा पिवळट, मध्ये वेगळा, टोकाला निळसर काचेसारखा, शिवाय एखादा पांढरा ठिपका, एखादी बारीक रेघ. ते सगळं पोर्सिलेनमध्ये उतरवायचं, भट्टीत घालायचं, काढायचं, परत रंग, परत भट्टी. दोन दात एकदम केले की ते एकमेकांशी आपोआप जुळतात आणि आमचं काम सोपं होतं, डॉक्टरांच्या डोक्याचा तापही कमी. पण आमचं काम सोपं व्हावं म्हणून तुझा जिवंत दात का तासायचा? जिवंत दात कॅपसाठी एवढा तासला की कधी कधी तो पुढं काही वर्षांनी आतून मरतो आणि त्याचंही रूट कॅनाल करायची पाळी येते, सगळ्यांचं होतं असं नाही पण होतं. डाव्या दाताचा टोकाचा टवका हा कॉम्पोझिटनं, म्हणजे दाताच्याच रंगाच्या त्या लाइट मारून कडक करायच्या मसाल्यानं, एका बैठकीत भरून निघायला हरकत नसावी. कुठं तासणं नाही, इंजेक्शन नाही. पाच-सात वर्षांनी पॉलिश गेलं किंवा परत उडालं तर परत भरायचं, दात तिथंच आहे.

आता उजवा, करडा. सगळी गोष्ट खरं म्हणजे ह्या एका दाताची आहे. तुझ्या मनात बसलंय की काळा पडला म्हणजे झाकायलाच पाहिजे, पण रूट कॅनाल झालेला दात आतून उजळता येतो हे तुला दोघांपैकी कुणी बोललं का? मागच्या बाजूनं, रूट कॅनालसाठी पाडलेलं भोक असतं तेच उघडून, आत मुळाच्या तोंडाशी आधी एक पक्का थर देतात, त्याच्यावर ब्लीचिंगची पेस्ट भरतात आणि वरून तात्पुरतं बंद करून घरी पाठवतात. चार-सहा दिवसांनी परत बोलावून बदलतात, असं दोन-तीन-चार वेळा. माझ्याकडं कॅपसाठी शेड, म्हणजे रंगाची छटा, ठरवून आलेल्या एका बाईच्या दाताला शेवटी कॅप लागलीच नाही, डॉक्टरांनी सहज म्हणून आतून ब्लीच करून बघितलं, आणि महिन्यानं फोन आला की कॅप कॅन्सल करा. माझं नुकसान, पण तेवढं चालायचंच. ह्यालाही दोन गोष्टी आहेत त्या लपवत नाही, एक म्हणजे रंग काही वर्षांनी थोडा परत उतरू शकतो, तेव्हा परत करावं लागतं. दुसरं म्हणजे लहानपणी मार लागलेल्या दातात मान म्हणतात त्या जागी, हिरडीच्या काठाशी, मूळ झिजायचा थोडा धोका असतो, म्हणून तो आतला थर नीट दिलाच पाहिजे, गरम करून घाईनं ब्लीच करायला नको, आणि पुढं मधून मधून एक्स-रे काढून बघायचं.

आणि ह्या सगळ्याच्या आधी एक एक्स-रे. पत्रात एक्स-रेचा शब्दही नाही म्हणून म्हणतोय. तीन वर्षांपूर्वी पुळी आलेला दात आहे, तिथं मुळाच्या टोकाशी सगळं भरून आलंय का, आतलं भरण मुळापर्यंत नीट गेलंय का, हे न बघता वर झिर्कोनिया चढवणं म्हणजे पायाला वाळवी लागलेल्या घराला ऑइल पेंट मारणं. कॅप बसल्यावर खाली गडबड निघाली तर ती कॅप भोक पाडून किंवा फोडून काढावी लागते, आणि तेव्हा पेशंट लॅबला शिव्या देतो.

समजा ब्लीच करूनही मनासारखा रंग आला नाही, किंवा डॉक्टर म्हणाले की कोपऱ्याचं सिमेंट फार मोठं आहे, खऱ्या दाताचा सांगाडाच कमी उरलाय, तर त्या एका दाताला कॅप घ्यायची, त्यात काहीच वाईट नाही, तिथं कॅप हेच बरोबर उत्तर आहे. अट एकच की हिरडीच्या वर चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी खरा दात उभा असावा, कॅपला पकड मिळते ती तिथं, सिमेंटच्या ढिगाऱ्यावर नाही. तसल्या दातावर व्हेनियर मला स्वतःला पटत नाही, एक तर चिकटायला चांगलं एनॅमल लागतं, भरलेल्या सिमेंटवर ते तेवढं धरत नाही, आणि दुसरं, खालचा करडा रंग पातळ व्हेनियरमधून वर येतो. पांढऱ्या झिरझिरीत साडीखाली काळा परकर घातल्यावर काय होतं तसं. मग ते दिसू नये म्हणून आम्ही आत अपारदर्शक थर देतो आणि दात खडूसारखा मेलेला दिसायला लागतो, नाहीतर डॉक्टर आणखी खोल तासतात, म्हणजे व्हेनियरचा जो एकुलता एक फायदा होता तोच संपला. आधी ब्लीच करून दात जरा उजळला आणि पुढची बाजू शाबूत असली तर मात्र व्हेनियरचा विचार होऊ शकतो, हे डॉक्टरांनी बघून सांगायचं.

कॅप घ्यायचीच झाली तर मटेरियल विचार. समोरच्या दाताला मेटल-सिरॅमिकची स्वस्त कॅप शक्यतो नको, आत धातू असतो, आणि काही वर्षांनी हिरडी जरा वर सरकली की काठाला काळी रेघ दिसायला लागते. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या तोंडात तसली आहे, मीच केलेली, २००६ सालची, तेव्हा आमच्याकडं दुसरं फारसं होतंच कुठं. प्रत्येक रक्षाबंधनाला ओवाळताना ती हसते आणि मला ती रेघ दिसते. झिर्कोनिया भक्कम, त्यातही आता जरा पारदर्शक प्रकार येतात. ई-मॅक्स म्हणजे काचेच्या जातीचं सिरॅमिक, समोरच्या दाताला प्रकाश त्यातून सुंदर जातो, पण दात जर आतून करडाच राहिला असेल तर तोच प्रकाश करडेपणाही दाखवतो, मग झिर्कोनिया बरं. लॅबचं वॉरंटी कार्ड मिळतं ते जपून ठेव, फक्त एवढं लक्षात असू दे की ती वॉरंटी कॅपची असते, आतल्या दाताची कुणीच देत नाही.

आता पुण्याचे सहा. माझा धंदा बघितला तर मी म्हणायला पाहिजे कर की, सहा व्हेनियर म्हणजे एका लॅबचा चांगला आठवडा. पण हिशेब कर. चांगलं पोर्सिलेन व्हेनियर नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं जातं, काहींचं जास्तही, पण जन्मभराचं म्हणून कुणी देत असेल तर ऐकून घे आणि घरी ये. तू २७ ची आहेस. चाळिशीत एकदा, पंचावन्नच्या आसपास एकदा, सत्तरीच्या आत आणखी एकदा, म्हणजे सहा दात गुणिले चार, आणि दर वेळी जुनं काढताना खालचा दात जरा आणखी जातो, शेवटी एखाद्याला कॅपच लागते. आणि त्यातले चार दात असे आहेत ज्यांच्याबद्दल तुझी स्वतःचीच काही तक्रार नाही! हिरोइनींचं म्हणशील तर मावसबहीण चुकीचं बोलत नाही, व्हेनियर जन्मालाच सिनेमासाठी आलं, १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या डेंटिस्टनं नटांसाठी असले पापुद्रे केले. पण ते कवळीच्या पावडरीनं तात्पुरते चिकटवायचे आणि शूटिंग संपलं की काढून ठेवायचे. कायमचं चिकटवणं पुढं जमायला लागलं, त्याची सुरुवात १९५५ सालची, बुओनोकोर म्हणून एकानं दाखवलं की एनॅमलला ॲसिड लावून खरखरीत केलं की त्याच्यावर मसाला घट्ट धरतो. आजही व्हेनियर त्याच जोरावर टिकतं, म्हणून तर म्हणतोय, एनॅमल आहे तिथंच त्याला अर्थ आहे. अलीकडं इंग्लंडचे लोक तुर्कस्तानात स्वस्तात व्हेनियर करायला जातात आणि कित्येकांचे दात प्रत्यक्षात कॅपसाठी खुंटीएवढे तासलेले निघतात, त्यावरून तिकडं बरीच ओरड झाली. तसं आपल्याकडं होऊ नये म्हणून सांगतो, कुणी व्हेनियर म्हणालं तरी विचारायचं, मागून पण पूर्ण तासणार आहात का? हो म्हणाले तर ती कॅप आहे, नाव काहीही असू दे.

सहा-आठ व्हेनियर कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. फ्लोराइडनं दात तपकिरी पट्ट्यांचे झालेले असतात, कुणाचे मूळचेच बारीक आणि फटीफटीचे असतात, ब्लीच-पॉलिश करून फरक पडत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं हसत नाही. तिथं मी स्वतः सांगतो, करा. दात वाकडे असतील तर मात्र आधी तारा किंवा अलायनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, वर्ष-दीड वर्ष जाईल पण दात स्वतःचे राहतील. लग्नाच्या घाईत वाकडा दात तासून सरळ दाखवणं हा प्रकार मी बराच बघितलाय, दोन-तीन वर्षांनी तोच दात परत माझ्या टेबलावर येतो.

पत्रात एक गोष्ट मला टोचली ती बोलून टाकतो. तुझ्या पत्रात मावसबहीण आहे, आई-वडील आहेत, दोन डॉक्टर आहेत, नणंद आहे, पण तुला स्वतःला काय वाटतं ते पानभर शोधलं तरी सापडेना, आणि ज्याच्याशी लग्न करतीयस तो तर पत्रात कुठंच नाही. मग अगदी शेवटी, सही करायच्या आधी, तू लिहिलंयस की हसताना तोंडावर हात जातो, शाळेपासूनची सवय आहे. वर पत्र थोडक्यात देताना ते वाक्य मी मुद्दामच घेतलं नव्हतं, कारण माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. नणंदेच्या एका वाक्यासाठी दात करू नको, पण सोळा वर्षं तोंडावर हात ठेवलायस त्यासाठी जरूर कर, त्यात नटवेपणा काही नाही. फक्त तो हात एका दातामुळं जातोय, सहा दातांमुळं नाही. आणि सासरी सांगायचं का, तर बघायला आले तेव्हा तो दात तोंडातच होता की, त्यांनी तो बघूनच होकार दिलाय. जाहीर करायची गरज नाही, लपवायची तर त्याहून नाही. नवऱ्या मुलाला मात्र सांग, सहज, फोनवर, की हापशानं दात गेला होता तो नीट करून घेतीय. तू कशावर हसतेस आणि हात कशाला ठेवतेस हे त्याला आता कळायला हरकत नाही.

वेळेचं गणित सांगतो. आत्ता जानेवारी संपत आलाय. ह्याच आठवड्यात एक्स-रे आणि दात साफ करून घे, बऱ्याच लोकांना नुसत्या साफसफाईनंच रंगात फरक दिसतो. घरातल्या आजीची मिश्री तू लावत नसशील अशी आशा आहे, लावत असशील तर हा सगळा खर्च करूच नको, आधी ती बंद. फेब्रुवारीभर करड्या दाताचं आतून ब्लीचिंग. बाकीचे दातही जरा उजळ हवे असतील तर तेही ह्याच वेळी, कारण पोर्सिलेन किंवा कॉम्पोझिट एकदा बसलं की त्याचा रंग ब्लीचनं बदलत नाही, आधी दात, मग त्याला जुळणारं काम. ब्लीच संपल्यावर साधारण दोन आठवडे थांबायचं, लगेच चिकटवलेलं नीट धरत नाही आणि रंगही तोवर स्थिर होतो. मग मार्चच्या मध्यात दोन्ही दातांचे कोपरे कॉम्पोझिटनं. साखरपुड्याचे फोटो त्याच्यावर काढ आणि ठरव, पुरे झालं का. नाही वाटलं तर एप्रिलमध्ये त्या एका दाताची कॅप, माप दिल्यापासून ट्रायल धरून दहा-बारा दिवस, बेदाण्याचे पैसेही तोवर आले असतील. लग्नाच्या आठवड्यात काहीही सुरू करायचं नाही. मागच्या वर्षी एक नवरी मुलगी तात्पुरत्या कॅपांवर हळदीला बसली, कुणीतरी मायेनं ओठाला पण हळद फासली, आणि ते तात्पुरतं प्लास्टिक हळद अशी पितं की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या घरी फोन. सांगलीची हळद आहे ती, सहजासहजी सोडत नाही!

डॉक्टर बदलायचे का असं विचारलं नाहीस पण विचारशील. बदलायची गरज नाही, सांगलीच्या डॉक्टरांकडंच परत जा आणि सरळ विचार, एक्स-रे दाखवून सांगा खरा दात किती शिल्लक आहे, डावा जिवंत दात न तासता काय होईल, आतून ब्लीच करून बघूया का. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनी खूश होतो. उत्तर द्यायचंच टाळलं तर दुसरं मत घे, आणि त्यासाठी पुण्याला जायला नको. तासगावहून येताना वाटेतच कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, साताऱ्याकडच्या वाचकांना कराडला कृष्णा आहे. तिथं मास्तर लोक बघतात, खर्चही बाहेरच्यापेक्षा कमी असतो, फक्त वेळ काढून जावं लागतं, रांग असते.

बाकीच्या वाचकांची पण पत्रं ह्याच विषयावर पडून आहेत, त्यांना दोन ओळीत. दाढेचं रूट कॅनाल झालं असेल तर तिथं व्हेनियर-बिनियरचा प्रश्नच नाही, कॅप घाला आणि वर्षभर लांबवू नका, चावायचा सगळा जोर तिथं असतो आणि नुसतं सिमेंट भरलेली दाढ उभी चिरू शकते, मग बहुतेक वेळा काढण्याशिवाय इलाज राहत नाही. समोरच्या दाताचं मात्र प्रत्येक रूट कॅनालला कॅप लागतेच असं नाही. रात्री दात खाणाऱ्यांनी काहीही चिकटवायच्या आधी ते डॉक्टरांना सांगा, रात्री घालायचा गार्ड लागेल. आणि विट्याच्या ज्या काकांनी विचारलंय की व्हेनियर करून ऊस सोलता येईल का, तर काका, नाही. कॅप घालूनसुद्धा नाही. झिर्कोनिया फुटला नाही तरी आतला दात मुळात मोडू शकतो. कोयत्यानं सोलून कांड्या करून खा, दाढेनं.

एवढं करूनही तुला कॅप लागलीच तर शेड ठरवायच्या दिवशी लिपस्टिक लावून जाऊ नको आणि भडक रंगाचा ड्रेस घालू नको, त्याची छटा दातावर पडते. काम सुरू व्हायच्या आधी रंग बघायला सांग, तोंड उघडं राहून दात वाळले की ते आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात आणि मग कॅप जास्त पांढरी होऊन बसते. जमलं तर डॉक्टरांना सांगून एकदा लॅबमध्येच ये, सकाळी अकराच्या सुमाराला, ट्यूबलाइट बंद करून खिडकीपाशी बसवतो आणि शेजारचा दात बघत बघत रंग लावतो. दोन तास जातील, डबा घेऊन ये.